कागदाचा फुगा, शेगडीची ऊब आणि आपला ऊस



गाळपाचा हंगाम आला की या पानांवर तोडणीचा कार्यक्रम, खोडव्याची निगा, पाचट कुजवणे असे विषय येतात. आज जरा निराळा विषय घेतला आहे. शाळकरी मुलांनी घरी करायचा गरम हवेचा कागदी फुगा. उसाच्या पानावर फुगा कशाला, असे कोणी म्हणेल. पण हा विषय फिरून उसाकडेच येतो. तेव्हा शेवटपर्यंत वाचावे, आणि घरात सातवी-आठवीतले मूल असेल तर त्याच्याकडूनच मोठ्याने वाचून घ्यावे.

विषय निघाला तो असा. देहूत इंद्रायणीकाठी आपल्या एका सभासदाची वस्ती आहे. दिवाळीत तिथल्या पोरांनी बाजारातून उडता कंदील आणला. कागदाची मोठी पिशवी आणि तिच्या तोंडाशी तारेवर बसवलेली मेणाची वडी. वडी पेटवली, पिशवी फुगली, कंदील वर गेला. पोरांनी टाळ्या पिटल्या. कंदील वाऱ्याबरोबर वाहत गेला आणि शेजारच्या तोडीला आलेल्या आडसाली उसात उतरला. वडी अजून जळतच होती! नशीब एवढेच, की आदल्या दिवशी त्या सऱ्यांना पाणी दिले होते आणि बुडातले पाचट ओले होते. चार पाने करपली आणि आग विझली. आठ दिवस पाणी लांबले असते तर काय झाले असते, ते सभासदांना सांगायला नको.

आबांनी पोरांना चांगलेच फैलावर घेतले. तेव्हा आठवीतला नातू रडवेला होऊन म्हणाला, "आबा, आम्हाला विज्ञान प्रदर्शनात हाच प्रयोग दाखवायचा होता. आता काय दाखवू?"

पोराचे म्हणणे खोटे नव्हते. शिकण्यासारखे त्यात पुष्कळ आहे. मग आम्ही, म्हणजे शाळेतले विज्ञानाचे सर, दोन-तीन सभासद आणि हे पान लिहिणारे, एकत्र बसलो आणि ठरवले, की फुगा करायचा, पण आग वर पाठवायची नाही. आग जमिनीवर राहील, गरम हवा तेवढी वर जाईल आणि दोरा आपल्या हातात असेल. तो प्रयोग कसा केला, कुठे फसला आणि मग कसा साधला, ते पुढे देत आहोत.

गुऱ्हाळ आठवा

गरम हवा वर जाते हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. गुऱ्हाळाच्या चुलवणात चिपाड टाकले की आतली गरम हवा धुराड्यातून वर धावते आणि तिच्या जागी बाहेरची थंड हवा चुलवणाच्या तोंडातून आत ओढली जाते. धुराडे उंच असेल तर ओढ जास्त. कासारसाईला कारखान्याच्या धुराड्यातही हीच ओढ असते, तिथे तिला पंख्याची जोड दिलेली असते इतकेच. पाचट जाळू नये असे शेतकी खाते कानीकपाळी ओरडत असते. तरी कुठे जळताना पाहिलेच असेल, तर काळे पापुद्रे उंच चढून मग गावभर पडतात, हेही पाहिले असेल. ते पापुद्रे गरम हवेवर स्वार होऊन जातात.

फुगा म्हणजे तरी काय? वरून तोंड बांधलेले, कागदाचे, हलके धुराडे. गरम हवा वर जायला बघते, वरचे तोंड बंद असते, म्हणून ती कागदालाच घेऊन वर निघते.

धुरात जोर नसतो

हा शोध लावणारे फ्रान्सचे माँगोल्फिए बंधू कागद-कारखानदाराच्या घरातले. आनोने या गावी ४ जून १७८३ रोजी त्यांनी लोकांसमोर पहिला मोठा फुगा उडवला. गंमत अशी, की आपला फुगा धुरामुळे उडतो अशी त्यांची समजूत होती. म्हणून ते ओला पेंढा आणि लोकर जाळून मुद्दाम दाट धूर करीत. पुढे कळले की धुरात काही नाही, सारा खेळ उष्णतेचा आहे. त्याच साली १९ सप्टेंबरला व्हर्साय येथे राजासमोर एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा वर जाऊन सुखरूप खाली आले. २१ नोव्हेंबरला पिलात्र द रोझिए आणि मार्क्विस दार्लांद हे दोघे पॅरिसवरून सुमारे पंचवीस मिनिटे उडत गेले. त्यांच्या फुग्याला खाली शेकोटी टांगलेली होती. ठिणग्यांनी कापड जळू लागले तेव्हा त्यांनी ओल्या स्पंजाने ते विझवले. पहिल्याच माणसाळलेल्या उड्डाणात आगीची भीती अशी बरोबरच होती. हेच रोझिए १५ जून १७८५ रोजी इंग्लंडकडे निघाले असता फुगा कोसळून मरण पावले.

त्याच १७८३ च्या ऑगस्टात शार्ल नावाच्या शास्त्रज्ञाने हायड्रोजन वायू भरलेला फुगा पॅरिसहून सोडला. तो गोनेस गावाच्या शिवारात पडला. आकाशातून काय सैतान आला म्हणून गावकऱ्यांनी तो दाताळ्यांनी फाडून टाकला! शिवारात काय येऊन पडेल याची शेतकऱ्याला धास्ती असायचीच. या शार्ल यांच्याच नावाचा नियम आपल्या कामाचा आहे. वायू तापवला की दर अंशाला तो, शून्य अंशाला असलेल्या आकारमानाच्या २७३ व्या हिश्शाने फुगतो. फुगला म्हणजे विरळ झाला, विरळ झाला म्हणजे हलका झाला.

हवेचे वजन

हवेला वजन असते हे पोरांना पटत नाही, पुष्कळदा मोठ्यांनाही पटत नाही. समुद्रसपाटीपासून देहूच्या उंचीवर, १५ अंशाच्या थंडीत, एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच एवढ्या जागेतल्या हवेचे वजन साधारण १ किलो १४० ग्रॅम भरते. हीच हवा ७५ अंशापर्यंत तापवली, तर तेवढ्याच जागेत ९४५ ग्रॅम हवा मावते. उरलेली १९५ ग्रॅम बाहेर निघून जाते. म्हणजे एक घनमीटर गरम हवा १९५ ग्रॅम ओझे उचलू शकते. त्यात कागद, खळ, दोरा सगळे आले.

हिशेब करायचा तर अंश सेल्सिअसमध्ये २७३ मिळवावेत. १५ चे झाले २८८, ७५ चे झाले ३४८. मग ११४० ला २८८ ने गुणून ३४८ ने भागावे. आठवीतल्या पोराला हे जमते, आम्ही करून घेतले आहे.

पहिला फुगा का फसला

पोरांनी आधी हिशेब न करता फुगा केला. दंड-हातभर उंचीचा, छान गोंडस, रंगीबेरंगी. शेगडीवर धरला, फुगला आणि हात सोडताच खाली बसला. पुन्हा केले, पुन्हा बसला. "सर, कागद जड आहे," एक म्हणाला. "कोळसा ओला आहे," दुसरा म्हणाला. सरांनी फळ्यावर आकडे मांडले.

मोठ्या फुग्याचे मोजमाप पुढे दिले आहे. तो सव्वाशे ग्रॅम वजनाचा आणि एक घनमीटर पोटाचा. त्याची लांबी, रुंदी, उंची सगळे निम्मे केले तर कागद चौथाई लागतो, म्हणजे वजन ३१ ग्रॅम. पण पोट आठवा हिस्सा होते, म्हणजे उचल अवघी २४ ग्रॅम. एकतीस ग्रॅमचा फुगा चोवीस ग्रॅमच्या जोराने कसा उडायचा? उलट मोठ्या फुग्याचे माप दुप्पट केले तर वजन ५०० ग्रॅम आणि उचल दीड किलोच्या वर. लहान तेवढे हलके आणि हलके तेवढे उडते, ही समजूत इथे उलटी पडते. फुग्यात लहान म्हणजे न उडणारे. साऱ्या प्रयोगात पोरांनी हीच गोष्ट सर्वांत घट्ट लक्षात ठेवली, कारण आधी ती फसून शिकली.

साहित्य

पतंगाच्या पातळ कागदाचे २४ ताव. आम्ही वापरलेला ताव ५० सेंटिमीटर बाय ७५ सेंटिमीटर होता. त्याचे वजन चौरस मीटरला २० ग्रॅमच्या आसपास भरले. कागद घेताना किराणा दुकानाच्या वजनकाट्यावर सगळे ताव वजन करून पाहावेत. १८० ग्रॅमच्या फार वर गेले तर कागद जाड आहे, दुसरा घ्यावा. जिलेटिन कागद घेऊ नये, तो गरम झाला की आखडतो.

त्याशिवाय मैद्याची पातळ खळ, पातळ तार किंवा कळकाची बारीक कामटी ११४ सेंटिमीटर, शिवणाच्या सुती दोऱ्याचे रीळ, टाचण्या, कात्री, मोजपट्टी आणि साच्यासाठी जुनी वर्तमानपत्रे.

कृती

एक. तीन ताव लांबीला लांबी जोडावेत. जोड २ सेंटिमीटरचा. अशी पट्टी २२१ सेंटिमीटरची होते, ती २१० वर कापावी. अशा आठ पट्ट्या कराव्यात.

दोन. वर्तमानपत्रे जोडून २१० सेंटिमीटरचा साचा करावा. उभी मधली रेघ मारावी. रेघेवर दर ३० सेंटिमीटरला खूण करावी आणि त्या खुणेशी पट्टीची पूर्ण रुंदी पुढीलप्रमाणे घ्यावी. निम्मी रेघेच्या डावीकडे, निम्मी उजवीकडे.

टोकाशी (शेंडा): २ सेंटिमीटर
३० वर: साडेचोवीस
६० वर: ४१
९० वर: ४८
१२० वर: ४५
१५० वर: ३६
१८० वर: २६
२१० वर (तोंड): १६

खुणा हाताने गोलसर रेघेने जोडाव्यात. कोपरे राहू देऊ नयेत. या मापात चिकटवण्याचे २ सेंटिमीटर धरलेले आहेत.

तीन. आठही पट्ट्या एकावर एक रचून वर साचा ठेवावा, टाचण्या लावाव्यात आणि एकदमच कापाव्यात. एकेक कापली तर आठ पट्ट्या आठ तऱ्हेच्या होतात.

चार. पहिली पट्टी जमिनीवर पसरून तिच्या एका कडेला दोन सेंटिमीटर खळ लावावी आणि दुसरीची कड तिच्यावर बसवावी. मग तिसरी, चौथी. खळ बोटाने पातळ ओढावी. जास्त खळ म्हणजे जास्त वजन, आणि कागद भिजून फाटतोही. शेवटचा जोड, म्हणजे आठवी पट्टी पहिलीला, हा कसोटीचा. तो दोघांनी मिळून करावा. आतले दुसरे थर चिकटू नयेत म्हणून मध्ये वर्तमानपत्र सरकवून ठेवावे.

पाच. शेंड्याला आठ टोके एकत्र येतात तिथे भोक राहतेच. त्यावर वीतभर व्यासाची गोल चकती चिकटवावी आणि चकतीला दोऱ्याचा फास ठेवावा.

सहा. तारेचे किंवा कामटीचे कडे करून तोंडाशी बसवावे आणि कागदाची कड तिच्यावर दुमडून चिकटवावी. तोंड साधारण ३५ सेंटिमीटर रुंद होते. कड्याला तीन ठिकाणी दोरे बांधून ते खाली एकत्र गाठवावेत. तिथून रिळाचा दोरा.

सात. रात्रभर सावलीत वाळू द्यावा. सकाळी एकाने तोंडाशी डोके घालून उजेडाकडे बघावे. जिथे ठिपका चमकेल तिथे कागदाचा तुकडा लावावा.

तयार फुगा पुरुषभर उंच आणि मध्ये सव्वा मीटरच्या आसपास रुंद होतो. कागद ११० ग्रॅम, खळ, कडे आणि दोरा मिळून १५ ग्रॅम, असे सव्वाशे ग्रॅम. पोट एक घनमीटरहून थोडे जास्त. म्हणजे १९५ ग्रॅम उचलीतून सव्वाशे वजा जाता ७० ग्रॅम जोर शिल्लक राहतो. एवढा जोर पुरे होतो.

वेळ कोणती

पहाटे दंव पडते, चुलीचा धूर गावावर आडवा पसरून राहतो, झाडाचे पान हलत नाही, तीच वेळ. थंडी जितकी जास्त तितकी बाहेरची हवा जड आणि आतली-बाहेरची तफावत मोठी. बाहेर १२ अंश आणि आत ७५ असेल तर उचल २१० ग्रॅमच्या जवळ जाते. वैशाखात दुपारी बाहेर ३५ अंश असताना तोच फुगा, तीच शेगडी, आत तेच ७५ अंश, पण उचल सव्वाशेच्या आत येते आणि फुगा जागचा हलत नाही. पोरांनी हे दोन्ही वेळा करून, वहीत मांडून दाखवले तर परीक्षकांना वेगळे काही सांगावे लागणार नाही.

उडवताना

हे काम मोठ्या माणसाने करायचे. पोरांनी दोरा धरायचा, मोजायचे आणि लिहायचे.

जागा उघडी, नांगरट झालेली किंवा पाणी शिंपडलेली असावी. ऊस, कडब्याची गंजी, गोठ्याचे छप्पर यांपासून शंभर पावले लांब. डोक्यावरून विजेची तार जात नसावी. दोन बादल्या पाणी आणि भिजवलेले गोणपाट हाताशी ठेवावे. नायलॉनचे, टेरिकॉटचे कपडे नकोत, सुती असावेत. ओढणी आणि मोकळे केस बांधून घ्यावेत.

शेगडीत लाकडी कोळसा पेटवून, ज्वाळा आणि धूर संपून तो लाल होईपर्यंत थांबावे. शेगडीवर तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याचे धुराडे ठेवावे, वरचा आणि खालचा पत्रा कापून काढलेले. दोन डबे एकावर एक असतील तर ओढ चांगली बसते. सर्वांत वर बारीक तारेची जाळी, म्हणजे ठिणगी आत जात नाही. कोळशाची शेगडी उघड्यावरच पेटवायची. बंद खोलीत तिचा वायू माणसाला झोपेतच नेतो, हे पोरांनाही सांगून ठेवावे.

एकाने स्टुलावर उभे राहून काठीने शेंड्याचा फास वर धरावा. दोघांनी कडे धरून ते जाळीच्या वर वीतभर अंतरावर ठेवावे. पहिला मिनिटभर फुगा नुसता सुरकुततो आणि हलतो. मग खांदे भरतात, पोट भरते, आणि दोन-तीन मिनिटांत तो काठीवरून सुटून स्वतःच ताठ उभा राहतो. हाताला ओढ लागते. बैलाने कासऱ्याला हिसडा द्यावा तशी नव्हे, पतंगासारखी मऊ. ओढ चांगली लागली की कडे सोडावे आणि दोरा सैल करीत जावे.

आम्ही दोरा तीस हातांवर थांबवला. फुगा सरळ वर गेला, क्षणभर थांबला आणि मिनिटाभरात निवून हळूच खाली आला. कागदातून उष्णता भराभर निघून जाते, म्हणून तो फार वेळ राहत नाही. सहा-सात वेळा उडवला. ओट्यावर बसलेले आबा पहिल्यांदा काही बोलले नाहीत. तिसऱ्या वेळी म्हणाले, "आण रे, दोरा माझ्याकडे दे जरा."

मोजमाप केले तरच विज्ञान

उडाला, टाळ्या झाल्या, एवढ्यावर थांबू नये. कड्याला कागदाची लहान पुडी बांधावी आणि तीत हरभऱ्याचे दाणे घालीत जावेत. फुगा वरही जात नाही आणि खालीही येत नाही असा तरंगला, की पुडी काढून वजन करावी. समजा ६० ग्रॅम भरली. फुग्याचे १२५ आणि पुडीचे ६० मिळून १८५ ग्रॅम उचल झाली. बाहेरची हवा ११४० ग्रॅम, तीतून १८५ वजा केले, ९५५ राहिले. आता ११४० गुणिले २८८ भागिले ९५५ म्हणजे ३४४ च्या जवळ. त्यातून २७३ वजा केले की ७१. फुग्यातल्या हवेची सरासरी उष्णता ७१ अंश! फुग्यात थर्मामीटर न घालता हरभऱ्याने उष्णता मोजली, ही गोष्ट पोरांना फार आवडली. हिशेब सोपा व्हावा म्हणून फुग्याचे पोट एक घनमीटर धरले आहे, म्हणून दोन-चार अंशांचा फरक राहतो. तोही वहीत लिहावा. फरक लपवू नये.

आपल्याच महाराष्ट्रातला एक फुगा

पोरांनी विचारले, की असा फुगा किती उंच जाऊ शकतो? याचे उत्तर आपल्या राज्यातच आहे. २६ नोव्हेंबर २००५ रोजी उद्योगपती विजयपत सिंघानिया यांनी वयाच्या ६७ व्या वर्षी मुंबईत महालक्ष्मीहून गरम हवेच्या फुग्यातून उड्डाण केले आणि ते २१,०२७ मीटर उंचीवर पोचले. गरम हवेच्या फुग्याचा तो जागतिक विक्रम झाला. ते उतरले नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यातल्या पंचाळे गावच्या शिवारात. म्हणजे फुगा शेवटी शेतकऱ्याच्या दारी आलाच. त्या उंचीवर हवा जमिनीवरच्या हवेच्या सुमारे सोळावा हिस्सा, रुपयात आणाभर, इतकी विरळ असते. विरळ हवेत उचल कमी, म्हणून फुगा अवाढव्य लागतो, आणि माणसाला बंद कुपीत बसावे लागते. आपल्या पोरांनी फळ्यावर केलेलाच तो हिशेब, आकडे मोठे.

आता उसाबद्दल

आता जिथून सुरुवात केली तिथे येऊ. बाजारातला उडता कंदील आणि आपला फुगा यांत विज्ञान एकच आहे. फरक एवढाच, की त्या कंदिलाबरोबर जळती वडी जाते आणि तो कुठे उतरणार हे सोडणाऱ्याला ठाऊक नसते. वाऱ्याला सातबारा कळत नाही.

ही भीती आमच्या मनातली नाही. इंग्लंडात स्मेदिक येथे २०१३ साली ३० जूनच्या रात्री असा एक कंदील प्लास्टिकच्या मोठ्या साठ्यावर उतरला आणि प्रचंड आग लागली. कॅमेऱ्यात तो उतरताना दिसला होता. जर्मनीत क्रेफेल्ड येथे २०२० च्या नववर्षाच्या रात्री कंदिलांमुळे प्राणिसंग्रहालयातले माकडांचे घर पेटले आणि तीसहून अधिक प्राणी जळून मेले. ब्राझील हा उसाचाच देश. तिथे जूनच्या सणात असे फुगे सोडण्याची जुनी चाल होती. १९९८ च्या कायद्याने आग लावू शकतील असे फुगे करणे, विकणे आणि सोडणे हा गुन्हा ठरला. मुंबई पोलिसांनीही अशा उडत्या कंदिलांवर वेळोवेळी बंदीचे आदेश काढले आहेत.

आपल्या देहूच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी आहेत. एका अंगाला देहूरोडचे दारूगोळ्याचे कोठार आणि दुसरीकडे लोहगावच्या विमानतळावर ये-जा करणारी विमाने. १९३४ च्या विमान कायद्यात 'विमान' या शब्दात फुगाही धरलेला होता, मग तो बांधलेला असो की मोकळा. २०२४ साली त्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम आला. तेव्हा पोराने सोडला तरी फुगा म्हणजे केवळ खेळणे, असे समजून चालत नाही. दोरा हातातून सोडायचा नाही, हा नियम म्हणूनच.

दिवाळी आणि गाळपाचा हंगाम एकत्रच येतात. पाणी कमी होते, पाचट वाळते, ऊस तोडीला येतो. एका फडाला लागलेली आग बांध बघत नाही. जळीत ऊस वजनाला घटतो, साखरेला घटतो, तातडीने तोडून न्यावा लागतो, त्यासाठी दुसऱ्या कोणाची तरी तोड मागे पडते, आणि वर कपात. दीड वर्षाची मेहनत एका वडीपायी जाते. ज्याचे जळते त्याचे तर जातेच, पण तोडणीच्या यादीत पुढे-मागे असलेल्या प्रत्येकालाच त्याची झळ लागते.

म्हणून सभासदांना विनंती अशी, की घरात पोरांनी उडता कंदील आणला तर नुसते रागे भरून थांबू नका. कंदील काढून घ्या आणि त्याच्या बदल्यात चोवीस ताव पतंगाचा कागद आणून द्या. एखाद्या रविवारी पहाटे शेगडी तुम्ही पेटवा, दोरा त्यांच्या हातात द्या. ज्या पोराला फुगा कशाने उडतो हे नीट कळले, त्याला वडी वर पाठवायची गरज उरत नाही, आणि ते दुसऱ्या पोरालाही पाठवू देत नाही. आबांच्या वस्तीवर आम्ही हे डोळ्यांनी पाहिले. प्रदर्शनात फुग्याशेजारी पोरांनी स्वतःहून एक पाटी लावली होती, "आग खाली, हवा वर." ती आम्ही सांगितली नव्हती.

ज्या सभासदांच्या मुलांनी हा प्रयोग केला असेल त्यांनी बाहेरची उष्णता, फुग्याचे वजन आणि हरभऱ्याचे वजन हे तीन आकडे गट कार्यालयात आणून द्यावेत. पुढच्या अंकात आकड्यांचा तक्ता छापू. ज्यांचा फुगा फसला त्यांनी तर आवर्जून कळवावे. कशाने फसला ते सर्वांनाच उपयोगी पडेल.

कळावे.